डेट्रॉइटचं सेंट ॲन : सरहद्दीवरचा धर्मग्राम कसा उभा राहिला, कसा टिकला

डेट्रॉइटच्या सेंट ॲन चर्चच्या वह्यांमधली आज शिल्लक असलेली पहिली नोंद २ फेब्रुवारी १७०४ ची आहे. नोंद बाप्तिस्म्याची. मुलीचं नाव मारी-तेरेज, बापाचं नाव अंत्वान द ला मोथ कॅडिलॅक. हा तिथल्या किल्ल्याचा कमांडर आणि वस्तीचा संस्थापक. पुढे दोनशे वर्षांनी त्याच शहरात निघालेल्या मोटार कंपनीने त्याचंच नाव घेतलं. धर्मग्राम, म्हणजे इंग्रजीतला पॅरिश, त्या नोंदीहून अडीच वर्षांनी जुना आहे, पण आधीचे कागद १७०३ च्या आगीत गेले. अमेरिकेत अखंड चालत आलेल्या कॅथलिक धर्मग्रामांमध्ये फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनच्या पाठोपाठ याचाच नंबर लावला जातो.

पहिल्या सव्वाशे वर्षांत या धर्मग्रामाने काय काय पाहिलं याची यादी केली तर छाती दडपते. चर्चची इमारत पुन्हा पुन्हा गेली. पहिला फादर मारला गेला. राज्य फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आणि इंग्रजांकडून अमेरिकनांकडे गेलं. ज्या बिशपच्या हाताखाली राहायचं तो बिशप चार वेळा बदलला. एवढं होऊन लोक सेंट ॲनचेच राहिले. ते कशाच्या जोरावर, हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोलाचं वाटतं, आणि ते कळायचं तर आधी धर्मग्राम म्हणजे काय ते नीट बघायला हवं.

वसईकडचे कॅथलिक ज्याला धर्मग्राम म्हणतात त्यात चार गोष्टी येतात : ठरावीक हद्द, त्या हद्दीत राहणारी माणसं, त्यांची जबाबदारी दिलेला एक फादर, आणि त्या फादरला नेमणारा बिशप. चर्चची इमारत यानंतर येते. आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही : वही. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने असा नियम केला की प्रत्येक फादरने बाप्तिस्म्यांची आणि लग्नांची नोंद ठेवलीच पाहिजे. मग फ्रान्सच्या राजाने १६६७ च्या कायद्यात या नोंदी दोन प्रतींत ठेवायला सांगितलं. एक प्रत चर्चकडे राहायची, दुसरी कोर्टात जमा व्हायची. त्यामुळे जन्म, लग्न आणि मृत्यू यांचा सरकारी पुरावा फादरच्या हातात आला. मुलगा औरस आहे का, विधवेला वाटणी मिळते का, जमीन कोणाच्या नावावर चढते, हे प्रश्न आले की वही उघडायची. वकील आणि न्यायाधीश जिथून शेकडो मैल लांब, अशा सरहद्दीवरच्या वस्तीत त्या वहीला काय वजन असेल याची कल्पना करता येईल.

आता १७०१ कडे जाऊ. जूनच्या सुरुवातीला कॅडिलॅक मॉन्ट्रियलजवळून निघाला. बरोबर पंचवीस होड्या, पन्नासेक सैनिक आणि तितकेच कारागीर नि कॅनडातले गडी. जवळची वाट नायगाराकडून होती, पण तो इरोक्वॉय लोकांचा मुलूख. त्यांच्याशी चाललेलं दीर्घ वैर मिटवणारा मॉन्ट्रियलचा मोठा तह त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला, म्हणजे हे लोक निघाले तेव्हा तो झालेला नव्हता. म्हणून ते उत्तरेकडून, ओटावा नदीने वर चढून, जागोजागी होड्या आणि सामान खांद्यावर वाहत ह्युरॉन सरोवरात उतरले. २४ जुलैला ते सेंट क्लेअर आणि ईरी या दोन सरोवरांना जोडणाऱ्या अरुंद पाण्याच्या काठावर पोचले. फ्रान्सचा हेतू सरळ होता. जो हा चिंचोळा मार्ग धरेल त्याच्या हातात वरच्या सरोवरांचा बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार, आणि इंग्रजांना तो मिळू द्यायचा नव्हता.

पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी, २६ जुलैला, मरियामातेची आई संत ॲना हिचा सण होता. परंपरा सांगते की चर्चचं काम त्याच दिवशी सुरू झालं आणि म्हणून तिचं नाव दिलं गेलं. सणाचा योग होताच, शिवाय संत ॲना या होडीवाल्यांची आपली संत होती. पुढच्या काळात मॉन्ट्रियल बेटाच्या पश्चिम टोकाला तिचं चर्च होतं. आत मुलुखात जाणाऱ्यांच्या वाटेवरचं ते शेवटचं चर्च. तिथे प्रार्थना करून, दानपेटीत काहीतरी टाकून माणसं पुढे निघत. पुन्हा परत येऊ की नाही हे माहीत नसलेली माणसं जिला हात जोडत, तिच्याच नावाचं छप्पर पलीकडे पोचल्यावर पहिल्यांदा उभारावं यात मला मोठी ओढ दिसते.

पहिलं चर्च लाकडी होतं, तेही घाईत उभारलेलं. ताफ्याबरोबर दोन पुरोहित आले होते आणि त्यांची कामं वेगळी होती. फ्रान्स्वा व्हायां हे जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचे पुरोहित; त्यांनी आसपासच्या मूळ रहिवाशांमध्ये धर्मप्रसार करायचा होता. कॉन्स्टन्टिन द लाल हे रेकोले, म्हणजे फ्रान्सिस्कनांच्या एका कडक शाखेतले. किल्ल्यातल्या फ्रेंचांची धार्मिक सेवा त्यांच्याकडे. व्हायां लगेचच परत गेले. कॅडिलॅक आणि जेझुइट यांचं आधीपासून जमत नव्हतं. उत्तरेकडच्या ठाण्यावर असल्यापासून दारूच्या व्यापारावरून त्यांचं वाजलेलं होतं : ब्रँडी दिल्याशिवाय कातडी मिळत नाहीत असं तो म्हणायचा, आणि त्या दारूने वाड्यावाड्या उद्ध्वस्त होताहेत असं जेझुइट लिहायचे. त्यात उत्तरेच्या जेझुइट मिशनभोवती राहणारे ओडावा आणि ह्युरॉन लोक त्याने डेट्रॉइटला बोलावून घेतले. एका बाजूला मिशन ओस पडत होतं, दुसऱ्या बाजूला किल्ल्याभोवती गर्दी वाढत होती. त्यामुळे डेट्रॉइटचा धर्मग्राम सुरुवातीपासून रेकोले फादरांकडे राहिला.

किल्ल्याभोवती एकमेकांशी न पटणारे गट इतके जवळजवळ आणून वसवण्याचा परिणाम लवकरच दिसला. १७०६ च्या जूनमध्ये ओडावा आणि मायामी या दोन जमातींत जुंपली. कॅडिलॅक तेव्हा जागेवर नव्हता. फादर कॉन्स्टन्टिन किल्ल्याच्या कुंपणाबाहेर सापडले आणि गोळी लागून गेले. पुढे त्यांचे अवशेष काढून नव्या चर्चमध्ये नेले गेले. सहा वर्षांनी, १७१२ मध्ये, मेस्क्वाकी लोकांशी लढाईची वेळ आली तेव्हा चर्च कुंपणाच्या बाहेर होतं. शत्रूला आडोसा मिळेल म्हणून किल्ल्यातल्या फ्रेंचांनी ते स्वतःच नष्ट केलं. आपलं देवाचं घर आपल्याच हाताने पाडणाऱ्या त्या माणसांना काय वाटलं असेल, हे कोणत्याही वहीत लिहिलेलं नाही.

किल्ला वस्तीचा केंद्रबिंदू असला तरी धर्मग्राम हळूहळू नदीकाठाने पसरत गेला. फ्रेंच पद्धतीची शेतं म्हणजे लांबच लांब पट्ट्या. नदीला लागलेली बाजू दोन-चार आर्पां, आणि मागे जंगलात घुसलेली लांबी चाळीसच्या आसपास. एक आर्पां म्हणजे साधारण ५८ मीटर. यात प्रत्येकाला पाणी, मासे आणि होडी लावायला जागा मिळायची. घरं काठावर ओळीने, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. त्यामुळे सेंट ॲनची हद्द म्हणजे नदीच्या दोन्ही काठांचा लांब पट्टा झाली. रविवारी मिस्सेला लोक उन्हाळ्यात होडीने किंवा दोन चाकांच्या गाडीने यायचे, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून घसरगाडीने.

फादरचं पोट कसं भरायचं, तेही सांगायला हवं, कारण बरेच वाद तिथूनच सुरू होतात. न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या फ्रेंच मुलखात, नियम होता की पिकलेल्या धान्याच्या दर सव्वीस मापांमागे एक माप फादरला द्यायचं. चर्चच्या पैशांचा हिशोब फादरकडे एकट्याकडे नसायचा. गावकऱ्यांनी निवडून दिलेले पंच तो बघायचे. बाकांचं भाडं, दानपेटी, मेणबत्त्यांचा खर्च, छपराची डागडुजी हे सगळं त्यांच्या हातातून जायचं. इमारत बांधायची तर लाकूड आणि मजुरी गावाने द्यायची. सेंट ॲन टिकण्याचं खरं कारण मला इथे दिसतं. चर्च जळलं तर ते राजाचं किंवा बिशपचं जळत नव्हतं. ज्यांनी ओंडके वाहून आणले होते त्यांचं जळत होतं, आणि पुन्हा वाहून आणायची सवयही त्यांनाच होती.

फादर हजर नसेल तेव्हा काय करायचं याचीही रीत ठरलेली होती. बाळ दगावण्याची भीती असेल तर सुईण किंवा घरातला कोणीही पाणी ओतून, नेमके शब्द म्हणून बाप्तिस्मा देऊ शकतो. फादर आला की तो बाकीचे विधी पुरे करतो आणि तसं वहीत लिहितो.

त्या वहीचं एक पान डोळ्यांपुढे आणा. मजकूर ठरावीक असतो : अमुक वर्षी, अमुक महिन्यात, खाली सही करणाऱ्या मी अमुक मुलाला बाप्तिस्मा दिला, मूल काल किंवा आज जन्मलं, आईबाप कायदेशीर विवाहित, धर्मपिता अमुक, धर्ममाता अमुक, आणि शेवटी, ‘त्यांनी सही येत नसल्याचं सांगितलं.’ या शेवटच्या वाक्याने मी नेहमी थबकतो. लिहिता न येणाऱ्या माणसाचं नाव सव्वातीनशे वर्षं टिकलं ते दुसऱ्या कोणीतरी त्याच्यासाठी ते लिहून ठेवलं म्हणून.

पण त्याच वह्यांमध्ये आणखी एका प्रकारच्या नोंदी आहेत आणि त्या टाळून हा इतिहास सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. त्यात ‘पानिस’ असा उल्लेख येतो. न्यू फ्रान्समध्ये हा शब्द गुलाम केलेल्या मूळ रहिवाशांसाठी वापरत. पश्चिमेकडच्या लढायांत धरलेली, विकलेली माणसं, त्यात बायका आणि मुलं पुष्कळ. १७०९ मध्ये क्विबेकच्या इंतेंदांने, म्हणजे फ्रेंच राजाच्या मुलकी कारभाऱ्याने, हुकूम काढून ही गुलामी कायदेशीर केली. काळ्या गुलामांसाठीही तोच हुकूम. अशा माणसाच्या नोंदीत त्याचं नवं ख्रिस्ती नाव, अंदाजे वय आणि मालकाचं नाव असतं. आईबापांची जागा बहुतेक वेळा रिकामी. सेंट ॲनच्या फादरांनी या लोकांना बाप्तिस्मा दिला, मातीही दिली, आणि त्यांची मालकी मान्यही केली. १७८७ च्या अमेरिकन कायद्याने या प्रदेशात गुलामगिरीला बंदी केली, तरी डेट्रॉइटमध्ये ती पुढेही बरीच वर्षं चालू राहिली. ही माणसं कोण होती हे शोधणाऱ्या आजच्या अभ्यासकांना ज्या थोड्या जागी त्यांची नावं सापडतात, त्यांतली एक म्हणजे याच वह्या.

नदीच्या दक्षिणेकडची गोष्ट वेगळी. १७२८ मध्ये जेझुइट आर्मां द ला रिशार्दी ह्युरॉन लोकांसाठी मिशन घेऊन आले. त्यांच्यानंतरचे फादर पिएर पोतिए यांनी ह्युरॉन भाषेचं व्याकरण आणि शब्दसंग्रह तर केलेच, शिवाय भोवतालचे फ्रेंच शेतकरी कसं बोलतात तेही टिपून ठेवलं. काठावरची वस्ती वाढत गेली आणि १७६७ मध्ये ते मिशन ‘असम्पशन’ नावाचा धर्मग्राम झालं. आजच्या ऑन्टॅरिओ प्रांतातला तो पहिला. फादर फिरता असतो, माणसं नव्याने धर्मात येत असतात, हद्द ठरलेली नसते, तेव्हा ते मिशन. लोक स्थायिक होतात, फादरचं पोट स्वतः भरतात, पंच निवडतात, तेव्हा त्याचा धर्मग्राम होतो. हा बदल सरहद्दीवरच्या प्रत्येक वस्तीत कधी ना कधी घडला.

१७५५ मध्ये क्विबेकचे बिशप पाँब्रियां स्वतः डेट्रॉइटला आले आणि त्यांनी नव्या चर्चचं समर्पण केलं. क्विबेक ते डेट्रॉइट म्हणजे होडीचा काही आठवड्यांचा प्रवास. बिशप येणं ही पिढीतून एकदाही न घडणारी गोष्ट होती. त्या सुमारास आलेले रेकोले फादर सॅम्पल बोके १७८२ पर्यंत इथे राहिले. ते आले तेव्हा राज्य फ्रेंचांचं होतं. १७६० च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रज अधिकारी रॉबर्ट रॉजर्सने किल्ला ताब्यात घेतला. १७६३ मध्ये ओडावा सरदार पाँटिॲकने मेपासून शरद ऋतूपर्यंत किल्ल्याला वेढा दिला, आणि फ्रेंच शेतकरी दोन्ही बाजूंच्या मध्ये सापडले. या सगळ्यात बोके वहीत नोंदी करत राहिले.

इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथलिकांना सरकारी पदं बंद होती. मग इंग्रज अंमलाखाली हा धर्मग्राम चालू कसा राहिला? फ्रेंचांनी इंग्रजांपुढे मॉन्ट्रियलला पत्करलेल्या शरणागतीच्या अटींमध्येच कॅथलिकांना आपला धर्म पाळण्याची मुभा लिहून घेतलेली होती. पुढे १७७४ च्या क्विबेक कायद्याने तीच गोष्ट पक्की केली आणि फादरचा धान्याचा हक्कही कायम ठेवला. क्विबेकचे कॅथलिक बंडाला उठू नयेत ही इंग्रजांची गरज होती.

११ जुलै १७९६ रोजी अमेरिकन सैन्य आलं तेव्हा पेच निराळा झाला. आता नदीच मुळी दोन देशांची सीमा झाली. उत्तरेचा काठ अमेरिकेत, दक्षिणेचा ब्रिटिश कॅनडात. धर्मग्राम क्विबेककडून बाल्टिमोरचे बिशप जॉन कॅरल यांच्याकडे गेला. पण बाल्टिमोर आणखी लांब, आणि मधली वाट धड नाही. म्हणून १८०१ मध्ये कॅरल यांच्या संमतीने क्विबेकचेच बिशप दनो सीमा ओलांडून आले आणि त्यांनी पाचशेहून अधिक लोकांना दृढीकरण संस्कार दिला. हा संस्कार बिशपच्या हातून घ्यायचा असतो आणि इथे कैक वर्षांत बिशप फिरकलेला नव्हता. त्यामुळे पोरासोरांच्या रांगेत म्हातारीकोतारी माणसंही उभी होती.

कॅरल यांनी पाठवलेल्या फादरांमधले गॅब्रिएल रिशार हे या कहाणीतलं सगळ्यात मोठं नाव. फ्रान्समधल्या क्रांतीच्या धामधुमीतून १७९२ मध्ये ते अमेरिकेत आले, इलिनॉयच्या फ्रेंच गावांत राहिले आणि १७९८ मध्ये डेट्रॉइटला पोचले. ११ जून १८०५ रोजी सगळं शहर जळालं. चर्चही गेलं. लोकांना खायला मिळावं म्हणून त्यांनी नदीकाठच्या शेतांवरून धान्य जमा केलं. ‘आम्ही भल्या दिवसांची आशा धरतो; हे राखेतून पुन्हा उठेल’ हे शहराचं लॅटिन ब्रीदवाक्य त्यांचंच मानलं जातं.

एका फादरने किती कामं अंगावर घ्यावीत? मुलींसाठी शाळा काढल्या, स्थानिक तरुणींना शिक्षिका म्हणून तयार केलं. मूळ रहिवाशांच्या आणि फ्रेंचांच्या मुलांना एकत्र शिकवायची शाळा चालवली. १८०९ मध्ये छापखाना आणवला आणि ‘मिशिगन एसे’ नावाचं वर्तमानपत्र काढलं; ते एका अंकानंतर थांबलं. गावात प्रोटेस्टंट पाळक नव्हता तेव्हा प्रोटेस्टंटांनी यांनाच प्रवचनाला बोलावलं. आणि १८१७ मध्ये प्रेस्बिटेरियन पाळक जॉन माँटीथ यांच्याबरोबर त्यांनी मिशिगन विद्यापीठाची मुहूर्तमेढ रोवली. तेरा विषयांची अध्यापनपदं होती. सात माँटीथ यांच्याकडे, सहा रिशार यांच्याकडे.

तरी त्यांचं सगळ्यात अवघड काम चर्च पुन्हा बांधण्याचं होतं आणि अडचण आली ती घरातूनच. आगीनंतर नव्या नकाशाप्रमाणे शहराची आखणी झाली. नवं चर्च शहरात हवं की काठाने ईशान्येला, जिथे शेतकऱ्यांची वस्ती जास्त, यावर धर्मग्राम दुभंगला. ईशान्येचे लोक हटेनात. आपण पैसे आणि लाकूड देतो तर जागाही आपण ठरवणार, असा त्यांचा हिशोब. ज्या पंच-पद्धतीने सेंट ॲन टिकवलं तिचीच ही दुसरी बाजू. डेट्रॉइट आता केंटकीतल्या बार्डस्टाउनच्या बिशपांकडे होतं. त्या बिशप फ्लाजे यांनी आधी त्या लोकांवर धार्मिक बंदी घातली, मग १८१८ मध्ये स्वतः येऊन समेट घडवला. कोनशिला त्याच वर्षी ११ जूनला बसली, आगीला बरोबर तेरा वर्षं झाली त्या दिवशी. बांधकाम रखडत रखडत पुरं व्हायला आणखी दहा वर्षं गेली.

फादरचा अधिकार कुठे संपतो याचाही निकाल याच काळात लागला. बायकोला सोडून दुसरं लग्न केलेल्या एका माणसाला रिशार यांनी चर्चबाहेर काढल्याचं जाहीर केलं. त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जिंकला. हजार डॉलरहून जास्त भरपाई भरली नाही म्हणून रिशार यांना तुरुंगात जावं लागलं. फ्रेंच अमलात असा दावा उभाच राहिला नसता. अमेरिकन कायद्यापुढे फादर हा एक नागरिक होता, इतर नागरिकांसारखाच. त्याच नागरिकत्वाच्या जोरावर १८२३ मध्ये ते मिशिगनचे प्रतिनिधी म्हणून निवडून आले. अमेरिकन काँग्रेसमध्ये बसलेले ते पहिले कॅथलिक पुरोहित. मत द्यायचा हक्क नव्हता, पण डेट्रॉइट-शिकागो रस्त्यासाठी त्यांनी जोर लावला.

१८२५ मध्ये ईरी कालवा सुरू झाला आणि पूर्वेकडून माणसांचा लोंढा आला. ४ जुलै १८३२ ला सैनिकांच्या बोटीबरोबर कॉलरा उतरला. रिशार आजाऱ्यांमध्ये फिरत राहिले आणि १३ सप्टेंबरला गेले. त्यांचे तेव्हाचे बिशप, सिनसिनाटीचे एडवर्ड फेनविक, तेही त्याच महिन्यात कॉलऱ्यानेच गेले. पुढच्या मार्चमध्ये डेट्रॉइटचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, फ्रेडरिक रेसे पहिले बिशप झाले, आणि सेंट ॲन त्यांचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. बिशप आता काही आठवड्यांच्या प्रवासावर नव्हता, त्याच गल्लीत राहत होता. आयरिश आणि जर्मन कॅथलिकांनी थोड्याच वर्षांत आपापले धर्मग्राम वेगळे काढले, आणि नव्या वह्यांमध्ये इंग्रजी आणि जर्मन नावं चढायला लागली.